सहा दहाची बस, स्पॅनिशमध्ये

३ फेब्रुवारी, सकाळ
तोंडात ब्रश तसाच धरून आठवड्याचे वार म्हणून टाकले. सातपैकी पाच. उरलेले दोन शनिवार-रविवार, म्हणजे सुट्टीचे. त्यांची घाई नाही. आरशावर फेस उडाला. पुसला.
संकल्प: रोज चाळीस शब्द. जूनपर्यंत चार महिने आहेत. एवढ्या शब्दांत माणूस देश चालवू शकतो. मला फक्त सूनबाईंशी आणि नातीशी बोलायचं आहे.

४ फेब्रुवारी
अकरा शब्द. कंबर दुखत होती.

७ फेब्रुवारी
मुलाचा फोन. जूनमध्ये तुमच्याकडे येतो म्हणालो. तो म्हणाला, बघू. घर लहान आहे, हिला मराठी येत नाही, इंग्रजीही जेमतेम, तुम्ही दिवसभर बोलणार कुणाशी.
म्हणजे अडचण भाषेची आहे. त्याच्याच तोंडून आलं ते बरं झालं.
नात पाच वर्षांची झाली. मी तिला स्क्रीनवर पाहिलं आहे. ती मला हात करते आणि निघून जाते. तेही भाषेमुळेच.
स्पॅनिश शिकतोय हे त्याला सांगितलं नाही. सरप्राइज.

१५ फेब्रुवारी
वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भाषांतराचा वर्ग लावला. बुधवार-शनिवार, पाच ते सहा. आम्ही आठ जण. पद्धत अशी: एकाने आपला प्रवासाचा अनुभव स्पॅनिशमध्ये लिहून आणायचा, जोडीदाराने त्याचं इंग्रजी करून सगळ्यांसमोर वाचायचं. वाचून होईपर्यंत लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा नियम मला पटला नाही.
शिक्षिका माझ्या मुलीच्या वयाची असावी, मला मुलगी असती तर. जोडीदार एक निवृत्त नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात.
ओळख करून देताना सांगितलं: चौतीस वर्षं बस कंपनीत, वेळापत्रक विभाग. लाखो लोकांचे प्रवास मी केले आहेत, कागदावर. कुणी हसलं नाही. मी विनोद केलाच नव्हता.

२२ फेब्रुवारी
सिस्टरचा अनुभव माझ्या वाट्याला आला. चार ओळी. एका पेशंटला ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात नेलं, नऊ तास त्याचा हात धरून बसले, तो वाचला नाही. इंग्रजी करताना मी जरा रंग भरला. डोंगर घातले, एक नदी घातली. पेशंट दगावतो ते शेवटी न ठेवता मध्ये घेतलं, म्हणजे शेवट नदीवर होतो.
सिस्टर नियमाप्रमाणे गप्प ऐकत राहिल्या. नंतर म्हणाल्या, ॲम्ब्युलन्सला मागे खिडकी नव्हती.
शिक्षिका मला म्हणाली, लिहिलंय तेवढंच करा. नवशिकी आहे पोरगी.

३ मार्च
ताईचा फोन. माझ्याहून वयाने सहा वर्षं मोठी, तोंडाने साठ. स्पॅनिशचं सांगितलं. म्हणाली, आयुष्यभर मराठीत कुणाशी धड बोलला नाहीस, आता परक्या भाषेत काय दिवे लावणार आहेस. वर म्हणाली, वहिनी असती तर हसली असती.
बायकोला जाऊन चार वर्षं झाली. ती माझ्या कुठल्याच गोष्टीवर फारशी हसत नसे. ताईला हे माहीत नाही.

१० मार्च
तिकीट काढलं. चौदा जून. मुलाला कळवलं नाही, ऐनवेळी कळवीन.
नव्या पँटचं माप द्यायला खालच्या टेलरकडे गेलो होतो. तिकीट दाखवलं. त्याने विचारलं, काका, मुलाने बोलावलंय का. म्हणालो, घरच्या माणसाला बोलावणं लागत नाही. त्याने पायाची लांबी दोनदा मोजली.

१९ मार्च
शब्दांची मोजणी केली. ठरल्याप्रमाणे अठराशे हवे होते. तीनशे बारा भरले. पण जे आहेत ते पक्के आहेत.

२६ मार्च
माझा अनुभव द्यायची वेळ आली. विचार करावा लागला नाही. सहा दहाची बस. घरी पाहुणे आले की मी हा किस्सा सांगत असे.
मुलगा सात वर्षांचा. आम्ही तिघं सुट्टीला तळ्याकाठी निघालो होतो. पहाटेची बस. मधल्या स्टँडवर दहा मिनिटांचा थांबा. बायको मुलाला पाणी पाजायला घेऊन उतरली. सहा दहा झाले. ड्रायव्हर मला ओळखत होता. म्हणाला, साहेब, दोन मिनिटं थांबू का? मी म्हणालो, हे वेळापत्रक मी केलंय. आज माझ्या घरच्यांसाठी मोडलं तर उद्या कुणीही मोडेल. गाडी सोड.
तळ्याकडे जाणारी पुढची बस दहा दहाला. ती दोघं तिने आली. हा किस्सा कंपनीत दोन वर्षं फिरत होता. मोठ्या साहेबांनी बोलावून पाठ थोपटली.
लिहिताना एकच पंचाईत झाली. शिस्त, तत्त्व, अपवाद, जबाबदारी हे शब्द माझ्याकडे नाहीत. अजून तिथवर पोचलो नाही. होते त्या शब्दांत बसवलं: बस, बायको, मुलगा, मी, जातो, थांबतो, चार तास. बारा ओळी झाल्या. सुटसुटीत.

२९ मार्च
सिस्टरनी वाचलं. इंग्रजीत ते साधारण असं झालं:
मुलगा सात वर्षांचा आहे. तो पाणी पितो. तो परत येतो. बस नाही. वडील बसमध्ये आहेत. बस वेळेवर आहे. वडील खूश आहेत. मुलगा आणि आई चार तास थांबतात.
मी खुर्चीत बसून होतो. बोलता येत नव्हतं, नियम. ‘गाडी सोड’ला लोक हसतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव. इथे कुणी हसलं नाही.
सिस्टरनी विचारलं, मुलाजवळ खायला काही होतं का. म्हणालो, खाण्याची पिशवी माझ्याजवळ होती, बसमध्ये. शिक्षिका उठली आणि तिने खिडकी लावली. वारा नव्हता.
भाषांतरात गोष्टीची मजा जाते म्हणतात, ती अशी.

२ एप्रिल
बारा ओळी शिक्षिकेने तपासून दिल्या. चांगल्या अक्षरात उतरवल्या, फोटो काढला, सूनबाईंना पाठवला. सासऱ्याने तिच्या भाषेत लिहिलेली पहिली गोष्ट. दोन मिनिटांत वाचल्याची खूण आली.

५ एप्रिल
सूनबाईंचं उत्तर नाही. भारावून गेली असेल.
सिस्टरनी जोडीदार बदलून मागितला. माझा वेग त्यांना झेपत नसावा. आता एक दाताचा डॉक्टर दिलाय. तो आल्यापासून घड्याळ बघतो.

८ एप्रिल
उत्तर नाही. घरात काम असतं. शब्द: शून्य. पण उजळणी झाली.

१० एप्रिल, दुपार
मुलाचा फोन. तो कौतुक करणार म्हणून मी एक वाक्य स्पॅनिशमध्ये जुळवून ठेवलं होतं. त्याने विचारलं, हे हिला का पाठवलंत.
म्हणालो, आपला किस्सा आहे, तुला माहीतच आहे.
तो दुसऱ्या खोलीत गेला, दार लागल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “बाबा, मी हिला सांगितलं होतं की तुम्ही बसमधून उडी मारलीत.”
मला उमजेना. मग त्याने नीट सांगितलं. ही गोष्ट त्याने तिला लग्नाच्या आधीच सांगितली होती. त्याच्या गोष्टीत बस सुटते, मला दारातून ती दोघं दिसतात, मी चालत्या बसमधून उडी मारतो आणि माझा गुडघा फुटतो. मग चार तास आम्ही तिघं बाकावर बसतो आणि मी त्याला येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे नंबर पाठ करायला लावतो. नातीला झोपताना हीच गोष्ट लागते. ती माझं चित्र काढते त्यात गुडघ्याला पट्टी असते.
सूनबाईंनी माझ्या ओळी वाचल्या आणि त्याला विचारलं, यातलं खरं कुठलं. आठ दिवस तो उत्तर देत नव्हता.
मी म्हणालो, माझं स्पॅनिश अजून कच्चं आहे रे, लिहिताना चुकलं असेल काहीतरी.
“चुकलेलं नाही, बाबा. हिने दोनदा वाचलं. एकही चूक नाही.”
जूनचा विषय मीच काढला. तो म्हणाला, आत्ता नको. आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.
फोन ठेवायच्या आधी मी विचारलं, त्या दिवशी बाकावर आई काय म्हणत होती. हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.
“काही नाही. बाबा येतील म्हणत होती. आत्ता येतील. दर बसला म्हणत होती.”
तिथे तासाला तीन बस येत. ते वेळापत्रकही माझंच.

११ एप्रिल
सकाळी तिकीट रद्द करायला गेलो. ऑफिस दहाला उघडतं. आज साडेदहाला उघडलं. बाहेर थांबलो.