पाचर आणि चुन्याचा क्रूस

मी, फिदेन्सियो साराते, वय चौपन्न, सुतार. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं सगळं स्वतः शिकलेला. राहणार सान बार्तोलो, वाहाका, मेक्सिको. डॉक्टर म्हणतात, फुफ्फुसात भुसा भरलाय. डोक्यात नाही. म्हणून कुणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो की,

१. घर बहीण ओतिलिया हिला. मागचं दार पावसात फुगतं; ते रंधू नये. डिसेंबरात आपोआप बसतं.

२. हत्यारं गावच्या सुतारशाळेला. पटाश्यांनी रंगाचे डबे उघडणाऱ्यास माझा शाप.

३. धाकटा भाऊ एलेउतेरियो. अकरा वर्षांपूर्वी आई गेली. तिला निजवलं होतं तिथं रिवाजाप्रमाणे जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला. नऊ दिवस प्रार्थना करून तो हातानं गोळा करून उचलायचा, म्हणजे शुद्धिस्थानात, स्वर्गाआधी पापांचा भोग भोगणाऱ्या जिवाची वाट सुकर होते. भाऊ नुकताच प्रोटेस्टंट झालेला. पाचव्या दिवशी त्यानं क्रूस झाडून केरात टाकला.

"दादा, शुद्धिस्थान बायबलात कुठंय, दाखव. आई थेट देवाकडे गेली."

"आणि तू केलंस ते?"

"देवाकडे माफी मागितली. मिळाली. विषय संपला."

काय सोय! घाव मला, माफी परस्पर वरून. आम्ही कॅथलिक मागासलेले. आमच्यात माफीनंतरही भोग उरतो.

४. कबुली. त्याच वर्षी भावाच्या प्रोटेस्टंट प्रार्थनाघराचं, प्रवचनासाठी उभं राहायचं व्यासपीठ मी बनवलं. एक पाय मुद्दाम सात मिलिमीटर आखूड. पाद्री नरकावर बोलताना हात आपटत असतील आणि व्यासपीठ डुलत असेल. मी आत कधी गेलो नाही. आमच्या फादरांनी मला माफी दिली आणि प्रायश्चित्त सांगितलं : पाय नीट कर. पाचर तयार आहे. नेऊन देणं राहिलं.

५. मी गेल्यावर ती पाचर माझ्या चुन्याच्या क्रुसापाशी ठेवावी. क्रूस एलेउतेरियोनंच उचलावा. शुद्धिस्थान नसेल तर त्याचे फक्त हात पांढरे होतील. झाडू आधी दडवून ठेवावा.

ता. क. साक्षीदार म्हणून पुतणी नोएमीला बोलावलं. तिनं हे वाचलं आणि मला न विचारता बापाला घेऊन आली. मी पाचर पुढे केली.

"मोजून घे. सात."

"आता कशाला, दादा? दुसऱ्याच रविवारी मी खाली पुठ्ठा घातला. सुताराचं नाव कुणाला कळू दिलं नाही."

पाचर त्यानं खिशात टाकली. क्रुसाचं मी विचारलं नाही.

पाचर पोचली; बाकी कलम पाच कायम. फक्त झाडूचं वाक्य खोडावं.

सही : फिदेन्सियो साराते
साक्षीदार : अब्दोन लुना, चर्चचा घंटावाला, नोएमी साराते (हिला काही ठेवलेलं नाही, म्हणून साक्ष चालते; कायदा मला कळतो)
सान बार्तोलो, १४ ऑक्टोबर २०१६