उष्टा रस्सा

माय, आपल्या खानावळीत आता रस्सा चाखून मगच वाढतात. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगतो, कारण आपली बरीच जुनी गिऱ्हाइकं आता तिकडे पोचली आहेत आणि इतवारीतल्या माणसाच्या पोटात गोष्ट राहत नाही हे तुला माहीत आहे. चाखणारा मी आहे. तुझा मोठा मुलगा नाही, मीच, ज्याला तू रस्सा चाखण्यावरून मारलं होतंस.

त्या दिवसाची तुला आठवण असेल की नाही कोण जाणे. बाबांचा हातमाग बंद पडला, मागाचा खड्डा बुजवून तू तिथे दोन टेबलं टाकलीस आणि मटण-भाकर वाढायला लागलीस, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी शाळेतून भुकेला आलो. चुलीवर रश्श्याचा मोठा गंज होता, जवसाच्या तेलाची तर्री वर आली होती. मी भाकरीचा तुकडा बुडवला आणि तोंडात टाकला. तू पळीच्या दांड्यानं माझ्या पाठीवर असा फटका दिलास की तुकडा घशातच अडकला. "उष्टा गंज लोकायले वाढू काय रे? ते पैसे देऊन आपल्या घरी उष्टं खायले येतेत काय?" तेवढ्यावर थांबली असतीस तरी चाललं असतं. पण तू तो अख्खा गंज शेजारीपाजारी वाटून टाकलास आणि आलेल्या माणसांना त्या दिवशी नुसती पाटवडी वाढलीस. माझा राग आला होता तुला, आणि मला त्या गंजाचा. त्यानंतर आपल्या घरात कोणी पळी तोंडाला लावली नाही. सैपाक वासावर करा लागते, जिभेवर नाही, असं तू म्हणायचीस, आणि खरंच तू नुसता वास घेऊन मीठसुद्धा सांगायचीस.

दादाला ते जमलं. तू त्याला चुलीकडे पाठ करून बसवायचीस आणि मसाला भाजत विचारायचीस, आता काय झालं सांग. तो डोळे मिटून सांगायचा, धने झाले, आता खोबरं काढ, नाहीतर लागते. एकदा मीही हट्ट धरून बसलो. तू विचारलंस, काय झालं, आणि मी म्हणालो, मले भूक लागली. तू हसलीस, दादाही हसला, आणि तिथेच माझा निकाल लागला. "तुयं तोंड चालते, तू समोर बस." तेव्हापासून तो आत आणि मी बाहेर. मध्ये भिंत, आणि भिंतीत एक ताट सरकेल एवढी खिडकी. लोकांना वाटायचं धाकट्याची मजा आहे, पंख्याखाली बसतो. मला मात्र आयुष्यभर वाटत राहिलं की तू घर त्याला दिलंस आणि मला बाहेरचा ओटा.

तरी तू गेल्यावरही कितीतरी वर्षं नीट चाललं. दोनाची सहा टेबलं झाली. लकडगंजातले हमाल, भांडे ओळीतले शेठ, कोर्टातले कारकून, सगळे एका बाकावर बसून घाम पुसत जेवायचे. मग ती साथ आली. दादा दवाखान्यात होता, वाचला, घरी आला. काही महिन्यांनी खानावळ परत उघडली आणि त्यानं एक नवीनच खोड लावून घेतली. जेवून झालेली ताटं मी खिडकीतून आत सरकवायचो, ती आधी सरळ धुवायला जायची. आता तो एकेक ताट उचलून उजेडाकडे धरायचा, तिरपं करायचा, तळाशी काय उरलं ते बघायचा. मग खिडकीतून विचारायचा, "कोपऱ्यातल्या टेबलावर कोण होता गा? रस्सा टाकला काहून त्यानं?"

मला काय वाटलं असेल, तूच सांग. हमालांना मी हात सैल सोडून वाढतो, एखादी पळी जास्तच जाते, ते तूही करायचीस. मला वाटलं, हा माझी पळी मोजतोय. मी म्हणालो, "तू माह्यावर नजर ठेवून राहिला काय?" तो म्हणाला, "मी फक्त विचारलं." आणि खिडकीतून दिसेनासा झाला. पण ताटं बघणं काही थांबलं नाही. माझं डोकं तुझ्यावर गेलेलं, लवकर तापतं आणि उशिरा निवतं. मी हात धुवायच्या जागेशी एक मोठा डबा ठेवला. प्रत्येक ताट त्यात उलटं करायचं, उरलेल्या भाकरीच्या तुकड्यानं पुसायचं आणि मगच आत सरकवायचं. बघ म्हटलं आता काय बघायचं ते.

त्यानंतर रश्श्याची चव गेली. एक दिवस मसाला कच्चा, दुसऱ्या दिवशी कडवट, कधी मीठ असं की माणूस पाणीच पीत बसेल. लोक आधी माझ्या तोंडाकडे बघायचे, मग बोलायला लागले. तुझ्या काळापासून येणारे भांडे ओळीतले एक म्हातारे शेठ आहेत, ते ताट सरकवून म्हणाले, "भाऊ, मायच्या मागं तुमच्या घरी मसाला भाजतेत का नाही?" मी शरमेनं मान खाली घातली. मी हे आत सांगितलं का? सांगितलं, पण कसं, तर खिडकीतून ओरडून, चार माणसांसमोर. "लोकं थुंकून राहिले तुह्या हातच्यावर." आतून उत्तर आलं, "लोकं तुह्या तोंडाले कंटाळले, माह्या हाताले नाही." माय, मला तो निव्वळ खोटेपणा वाटला. मला पक्कं वाटलं की त्याला खानावळ बुडवून ही जागा एखाद्या दुकानदाराला भाड्यानं द्यायची आहे. आमचं बोलणं तुटलं. खिडकीतून फक्त दोन मटण, चार भाकरी एवढंच जायचं. शेवटी मी जरीपटक्याच्या वस्तीत एक गाळा बघितला आणि वहिनीला सांगितलं की दसऱ्यापासून चुली वेगळ्या. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

भांड्यांची वाटणी बोलायची म्हणून एका दुपारी, गर्दी ओसरल्यावर, मी आत गेलो. किती महिन्यांनी त्या दारातून आत पाय टाकला असेन. तुझा मोठा गंज कोण घेणार यावर भांडायची सगळी तयारी करूनच गेलो होतो. दारातच करपट वास नाकात भरला. संध्याकाळचा मसाला बुडाला लागला होता, आणि असा लागला होता की वास रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत गेला असेल. आणि दादा त्या गंजाला खेटून, पाटावर बसून, मी पुसून पाठवलेलं एक ताट हातात धरून बघत होता. इतका जवळ की वाफ त्याच्या गालाला लागत होती. मी म्हणालो, "दादा, मसाला जळून राहिला." त्यानं ताट खाली ठेवलं, गंजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोबरं कधी काढायचं ते चुलीकडे पाठ करून सांगणारा तुझा मुलगा, माय. त्यानं मला विचारलं, "लय जळला काय?"

मी चुलीतली लाकडं बाहेर ओढली. तो म्हणाला, दवाखान्यातून आलो तेव्हापासून नाकाला काही कळत नाही. जिभेलाही नाही. तिखट तेवढं झोंबते, बाकी सगळं कोमट पाणी. वहिनीला ठाऊक होतं, पण ती माळकरी, मसाला वाटून देते, मटणाच्या रश्श्याला तोंड लावत नाही. मी म्हणालो, "मले काहून नाही सांगतलं?" तो म्हणाला, "सांगून काय करू? तू चाखून पाह्यतो म्हटला असता. मायनं अख्खा गंज वाटून टाकला होता, तुले याद नाही?" मग त्यानं ते ताट परत उचललं. "हे सांगत होते मले. तळाले मसाला राह्यला का समजे, कच्चा हाये. रस्सा टाकला का मीठ चढलं. दुसऱ्या दिवशी सुधरवून घेत होतो. मंग सगळे ताटं पुसून याले लागले. मले वाटलं, बसला हात. लोकं चाटूनपुसून खाऊन राहिले. लय बरं वाटे गा." मग ताट खाली ठेवून म्हणाला, "म्हणूनच मले समजत नव्हतं, असे खाणारे लोकं कमी काहून झाले. वाटलं, तूच काही बोलत असशील त्यायले."

मी तिथेच जमिनीवर बसलो. त्याच्या पाटाच्या उंचीवरून खिडकी पहिल्यांदाच बघितली. तिथून माणसाचं तोंड दिसत नाही, माय. टेबलाची कड दिसते, हात दिसतात, आणि आत येणारं ताट. इतकी वर्षं तो एवढंच बघून आपल्याकडचं जेवण कसं झालं ते समजत आला होता, आणि तेवढंही मी पुसून टाकलं होतं. मला रडू आलं. रडतच डब्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं तो उठून मला मारेल, मारलं असतं तर बरं झालं असतं. तो करपलेल्या गंजात पाणी ओतत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे लोकं खाऊन नव्हते राहिले." एवढंच. माझ्यावर रागावायचं त्याला सुचलंच नाही, त्याला त्या ताटांचंच वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, आज मी समोर बसतो. वहिनीनं आतलं सांभाळलं, नुसती पाटवडी आणि भाकर ठेवली, आणि मी आत खिडकीशी बसलो. दादा गल्ल्यावर बसलेला तू कधी बघितला नाहीस. हात कुठे ठेवायचे ते त्याला समजेना. दोघे हमाल आले, मटण नाही म्हटल्यावर एकानं दुसऱ्याला सांगितलं, बरं झालं, तसंही आजकाल इथलं खाल्लं जात नाही. समोर मालक बसलाय हे बघूनही त्यांनी आवाज कमी केला नाही. मग ते शेठ आले आणि तुझं नाव काढून जे बोलायचं ते बोललेच. दादा उठून आत आला. त्याच्या कपाळावर घाम होता. "हे तू रोज ऐकून घेत होता?" मी म्हणालो, हो. "अन् तिथंच बसून राहत होता?" मी म्हणालो, जाणार कुठे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाबा गेले त्या दिवशी ठेवला होता, त्यानंतर तेव्हाच. जरीपटक्याच्या गाळ्यावाल्याला मी त्याच संध्याकाळी नको म्हणून कळवलं.

आता तुझ्या नियमाचं. दादा तयारच नव्हता. गंज उष्टा होते म्हणाला, माय पाहून राहिली असन म्हणाला. मी म्हणालो, पळी धू, रस्सा वेगळ्या वाटीत काढ, ती वाटी माझी, ती परत गंजाजवळ येणार नाही. तो त्यावर दोन दिवस विचार करत होता. वहिनी म्हणाली, "भाऊजी बरोबर म्हणून राहिले, माय असत्या तर त्यायनं पण हेच केलं असतं." तू केलं असतंस का, मला शंका आहे. पण त्यानं वाटी भरली. मी पीत होतो तेव्हा तोंड दुसरीकडे वळवून उभा राहिला, जणू मी काही चोरी करतोय आणि त्याला साक्षीदार व्हायचं नाही. आता सवय झाली आहे. रोज गंज उतरायच्या आधी तो हाक मारतो, मी गल्ला सोडून आत जातो, मीठ पाहिजे, मसाला अजून थोडा होऊ दे, असं सांगतो. गिऱ्हाइकं परत येत आहेत. ते शेठही येतात, कुरकुर करतात, पण ताट रिकामं करतात, आणि त्यांचं ताट मी न पुसता आत सरकवतो.

पण वाटी खाली ठेवली की दादा रोज एकच विचारतो. "मायसारखा झाला?" आणि मी म्हणतो, हो, मायसारखाच. माय, हे पत्र कोणाच्या हाती लागू नये म्हणून मी ते फाडून चुलीत टाकणार आहे, तेव्हा खरं सांगून टाकतो. तुझ्या रश्श्याची चव मला आठवत नाही. किती आठवून पाहिलं. पळीचा फटका आठवतो, घशात अडकलेला तुकडा आठवतो, चव नाही. दादाला सगळी आठवते, तो बोलायला लागला की दगडफूल किती आणि लवंग कधी हे असं सांगतो की जणू तू शेजारी उभी आहेस. पण त्याला आता चव कळत नाही. आणि ज्याला कळते तो मी. उद्याही तो विचारेल, आणि माझ्याकडे बघत थांबेल, आणि मी हो म्हणेन.