टिटवीची गॅरंटी

माघ शुद्ध ४, फसली १३४६
ही वही दिवाळीपासून लिहायची राहिली. एकदा बसलो तर दौत सांडली. दुसऱ्यांदा बसलो तर मोर दिसला. त्याच्या मागं गेलो तो तिसऱ्या दिवशी घरी. आता मात्र रोज. विषय: हवामान.
प्रयागमावशीनं प्राणहिता नदीच्या वाळूतली खरबुजांची डांगरवाडी राखायला मला बेज्जूरकडं आणलंय. तिचं वर्षाचं पीक एवढंच. डांगरं नीट बाजारात गेली तर पुढच्या साली वाडी मी बघायची. नाही तर नेरडीगोंड्याला चंपतरावमामांच्या दुकानात मिरच्या तोलायच्या. मी दुकानात बसणारा माणूस नव्हे.

माघ शुद्ध १२
थंडी पडलीच नाही. पळस महिनाभर आधी फुलला. धुक्यानं आंब्याचा मोहोर काळा पडून गळला. मावशी म्हणाली, "यंदा झाडं येड्यासारखी करून राह्यली." मी म्हणालो, हे सायन्स आहे: उन्हाळा लवकर, पाऊस उशिरा. म्हणाली, "सायन्स राहू दे, वेलांना पानी घाल." उद्या नक्की.

फाल्गुन वद्य ३, सकाळ
मोहाची फुलं वेचायला जंगलात गेलो. एव्हाना सडा पडायचा. यंदा कळ्यासुद्धा नाहीत. अस्वलही येऊन रिकामं परतलेलं. पावलं पाहिली. मग त्याच्यापेक्षा लवकर परतलो.
पाणी मावशीनंच घातलं.

फाल्गुन वद्य १०
मोठा शोध! टिटवीनं भर पात्रात, पाण्यापासून दहा पावलांवर चार अंडी घातली. पाऊस यायचा असला की ती उंचावर घालते. फर्स्ट क्लास प्रूफ.
मावशी म्हणाली, "डांगरं भरली. उद्याच तोडू. नदीच्या वरच्या अंगाला रोज इजा चमकून राह्यल्या." मी म्हणालो, पाडव्याच्या बाजारापर्यंत थांब, अजून फुगतील. टिटवीचा दाखला दिला. "काऊन रे, तुले टिटवीनं चिठ्ठी पाठवली का?" मी गॅरंटी दिली.
तिनं तोडणीचा विळा परत कमरेला खोचला. मग म्हणाली, "ठेवते तुया भरोशावर, नागो."
माझ्यावर भरोसा ठेवणारं हे पहिलं माणूस.

फाल्गुन वद्य १३, दुपार
आभाळ निळं. बेज्जूरला थेंब नाही. अंदाज शंभर टक्के खरा.
फक्त नदी चढून राह्यली.

संध्याकाळ
नदीच्या वरच्या अंगाला, वर्धेकडं गारांचा पाऊस झाला म्हणे. तिकडचं हवामान माझ्याकडं नव्हतं. मावशी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून डांगरं फेकत होती, मी काठावर झेलत होतो. सात झेलली. बाकी वाडी वेलांसकट गेली. टिटवी डोक्यावर ओरडत होती. चूक तिचीही आहे, हे नोंदवून ठेवतो.

फाल्गुन अमावास्या, सकाळ
मावशी बोलत नाही. मी समजावलं की काही वाया गेलं नाही. डांगरं पलीकडच्या काठाला लागली. तिकडं चांदा, इंग्रजी मुलूख. लोक कापून खाऊन राह्यलेत. मावशीचं नाव तरी व्हावं म्हणून इकडून पुन्हा पुन्हा ओरडलो, "खा, खा! प्रयागबाईंनी पाठवली, बेज्जूरच्या!"
तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं. "आनखी जोरानं ओरड. हैदराबादेत आयकू नाही गेलं."

दुपार
नाक्यावरचा जवान दारात आलाय. घोड्यावरून. जकात न भरता निजाम सरकारच्या हद्दीतून पलीकडं माल पाठवणारी प्रयागबाई कोण, म्हणून विचारून राह्यला.
मावशी माझ्याकडं बोट दाखवून राह्यली.