दादाच्या आतड्याचे सहा तुकडे

१२ सप्टेंबर २०२४

आजार मेंदूत आणि शोधणार आतड्यात! दादाला घेऊन ठाण्याच्या हॉस्पिटलात गेलेले. तिथली डॉ. रसिका, असेल तिशीची, मला समजावत होती — दादाला झालाय त्या पार्किन्सनमध्ये मेंदूत एक प्रथिन साचतं, ते कधीकधी आतड्याच्या अस्तरातही सापडतं. दुर्बिणीतून सहा बारीक तुकडे घेणार. पुढेमागे त्यावरून आजार लवकर ओळखता येईल. अजून अभ्यासच चालू आहे, हे वर! सव्वीस वर्षं डोंबिवलीत मेडिकल चालवतेय मी. मला शिकवते.

दादाने सही केली. अक्षर मुंगीएवढं.

१३ सप्टेंबर

कशाला हा उद्योग, असं दादाला फोनवर विचारलं. म्हणाला, आपल्याला उपयोग नसेल, पुढच्या कुणाला होईल. संत! खाडीकडची जमीनसुद्धा अशाच भोळेपणाने भाव चढायच्या आधी विकून बसला.

१९ सप्टेंबर

उद्या तपासणी. सगुणावहिनीला पोट साफ करायची पावडर पाण्यात कालवणंही जमेना. तीनदा फोन. शेवटी मीच कल्याणला गेले.

दादा शर्टाच्या बटणांशी झटापट करत होता. एकेकाळी कबड्डीत हा चौघांना आवरायचा नाही. आता पाय घासत चालतो, चेहरा भिंतीसारखा. बासष्टाव्या वर्षी! मला त्याची कीव येत नाही, राग येतो. वर्षभरात माणूस एवढा ढेपाळतो?

२० सप्टेंबर

घेतले तुकडे. दहा मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस.

७ नोव्हेंबर

तुकड्यांत काहीही सापडलं नाही. मला हसूच आलं. रसिकाबाई म्हणतात, सापडलं नाही म्हणजे आजार नाहीच असं नाही, तपासणी अजून तितकी पक्की नाही. मग घेता कशाला!

पण नंतर ती फाइल उलटत बसली. दोन्ही हात एकदमच थरथरायला लागले का? लवकर वाढलं का? मग म्हणाली, "घेतात त्या सगळ्या गोळ्या सांगा. चिठ्ठीशिवायच्याही."

ब्लडप्रेशरची सांगितली, कोलेस्टेरॉलची सांगितली. गॅसचीही एक असते, म्हटलं. कोणती, तिने विचारलं. बघून सांगते, म्हटलं.

बघायची काही गरज नव्हती.

८ नोव्हेंबर

दीड वर्षापूर्वी दादाचं पोट फुगायचं. वहिनी दुकानात आली, मी काउंटरवरूनच गोळी दिली. रोज सकाळी एक. त्याला बरं वाटलं, म्हणून दर महिन्याला तिच्याच हाती पाकिटं पाठवत राहिले. कुठल्या डॉक्टरला विचारलं नाही. मला काय विचारायचंय!

त्या गोळीत लेवोसल्पिराइड आहे. उतारवयात महिनोन्महिने घेतलं तर हात कापतात, चाल आखडते, हुबेहूब पार्किन्सन दिसतो. हे लिहून मी परीक्षा पास झालेय.

९ नोव्हेंबर

कल्याणला जाऊन सगळी पाकिटं उचलून आणली. वहिनीला सांगितलं, तारीख उलटलीय, आता देऊ नकोस. दादा खुर्चीतून बघत होता. म्हणाला, "काय झाला गं?" काही नाही, म्हटलं.

दोन दिवसांत रसिकाचे तीन फोन आले. उचलले नाहीत. तिच्यावर हसत होते मी. तिने निदान विचारलं तरी.

१२ जानेवारी २०२५

दादा मार्केटपर्यंत एकटा जाऊन आला. वहिनी फोनवर रडत होती — देवाने ऐकलं म्हणे. मी हो हो केलं. थू माझ्यावर.

१८ फेब्रुवारी

आज पुन्हा तपासणी होती. दादाला बाहेर बसवून मी एकटीच आत गेले. आज सांगायचंच ठरवून गेलेले. गोळीचं नाव घेतलं, तर रसिका म्हणाली, "ते नोव्हेंबरमध्येच कळलं. तुम्ही फोन उचलेनात म्हणून घरी केलेला. दादांनीच नाव सांगितलं, आम्ही लगेच बंद करायला सांगितली."

आणखी काय म्हणाला, ते मी विचारलं.

"म्हणाले, बहिणीला यातलं काही माहीत नाही. तिच्या नकळत मीच तिच्या दुकानातून उचलून आणायचो."

दोन वर्षांत दादा डोंबिवलीला आलेलाच नाही.