इटलीतल्या आजींना "येतो" म्हणालो

प्रिय कुमुद,

इटलीहून अमेरिकेत कॅरीला, आशूच्या घरी सुखरूप पोचलो. कोपर जरासं खरचटलंय. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून पत्र.

लेकीनं तिथं मला बॅटरीची माउंटन बाइक दिली होती. लाटांसारख्या टेकड्या आणि प्रत्येकीच्या माथ्यावर एक दगडी गाव! उतारावर मी चौथीच्या पुस्तकातल्या कविता मोठ्यानं म्हणायचो. मागून आशू ओरडायची, "बाबा, ब्रेक!"

एका गावात एका आजींच्या खानावळीत आम्ही दोघं दुपारचं जेवलो. आशू सायकली काढायला आधी बाहेर गेली. निघताना सवयीनं "येतो" म्हणायचं, ते इंग्रजीत "आय ॲम कमिंग" म्हणालो. त्यांनी सात बोटं दाखवली. मला वाटलं, सत्तरी झाली का विचारताहेत. मी मान डोलावली.

पुढच्या गावात आशूला हे सांगितलं, तर ती हसत सुटली. "अहो बाबा, त्या सात वाजता जेवायला वाट बघतील तुमची! थांबा, फोन करून कॅन्सल करते."

"नको," मी म्हटलं. "येतो म्हणालोय."

सगळा चढ पुन्हा चढलो. आजी दारातच उभ्या होत्या. आत तीन ताटं मांडलेली. तिसरं त्यांचं स्वतःचं.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस ना? खरं सांग.

आशू म्हणते, दिवाळीपर्यंत राहा. एकटी असते गं पोर, नाही म्हणताना जीव तुटला. पण घरातून निघताना तुलाही "येतो" म्हणालो होतो. तिकीट एकवीस तारखेचंच ठेवलंय.

विमानाला उशीर झाला तर जेवून घे, उपाशी बसू नकोस.

तुझाच,
मनोहर