डाव्या कानामागचा अंबाडा

प्रिय ताई,

खोपटच्या एसटी स्टँडवर उतरलो की तू माझ्या दोन्ही वेण्या सोडून पुन्हा घालायचीस, आठवतं का गं? रिबीन दातांत धरून म्हणायचीस, "हलू नको गो! तुझी ती शाळंतली सिस्टर बोलंल, या पोरीला आई नाय काय?"

आई नव्हतीच आपल्याला. तू होतीस.

उद्या मंजूची हळद. तुझ्या लेकीचे केस मी बांधायचे आहेत, म्हणून आज तुला लिहायला बसले.

या हळदीसाठीच तर तू ऑपरेशनला तयार झालीस ना? टाळूवरची न भरणारी जखम किती महिने पदराखाली लपवलीस! मला तरी सांगायचंस.

ती जखम कॅन्सरची निघाली. ठाण्याला ती कापून काढली आणि तळहाताएवढं हाड उघडं पडलं. "उघड्या हाडावर मांडीची कातडी धरत नाही," डॉक्टर म्हणाले. "शेजारचीच, केसांसकट, तिचा रक्तपुरवठा न तोडता सरकवावी लागते." डोक्याची उजवीकडची मागची कातडी त्यांनी वळवून टाळूवर आणली. तिच्या रिकाम्या जागेवर मांडीची पातळ कातडी लावली.

टाळूवर केस वाढले ते उलटे, कपाळाकडे! आरशात बघून केवढी हसलीस. "बघ गो, मानेवरच्या केसांना बढती मिळाली!"

पण मागे उजवीकडे आता केस येणार नव्हते. अंबाडा मधोमध बसेना. शेवटी मी तो डाव्या कानामागे बांधला. तू त्यात सोन्याचं फूल खोवलंस. "मंजूच्या हळदीला असाच बांध माझा."

का थांबली नाहीस, ताई? मानेत नवी गाठ आली आणि तू गेलीस. टाळू मात्र शेवटपर्यंत धड होती. तुला शेवटची आंघोळ घालताना मी तिथे हात फिरवला. कुठेही उघडी नव्हती.

आज दुपारी मंजूला पाटावर बसवून अंबाडा बांधून बघत होते. मधोमध गाठ घेतली, तर तिने माझा हात धरला.

"मावशी, इथं नको. आईचा होता तिथं."

"अगं, फोटोत वाकडा दिसेल."

"दिसू दे ना."

मी मधली गाठ सोडून टाकली बघ.

उद्या तसाच बांधीन, ताई, घट्ट. आणि तू सांगून ठेवलंस तसं वाटपही करीन. सोन्याचं फूल मंजूला. हिरवी नऊवारी तुझ्या सुनेला. डोक्याला बांधायचे मऊ सुती रुमाल धुऊन, इस्त्री करून ठेवलेत, ते ड्रेसिंगच्या रांगेत तुला भेटलेल्या खडवलीच्या सुमनला. तिचंही तसंच ऑपरेशन आता ठरलंय. मी स्वतः नेऊन देईन आणि तुझ्या बढतीची गोष्ट सांगेन.

तुझा कंगवा तेवढा कोणाला देणार नाही. त्यात तुझे दोन केस अडकलेत. पुढचे की मागचे, कळत नाही.

तुझ्याच हातच्या वेण्यांची,
शुभा