अर्धी गोळी

आई, मलाही आता रोजची गोळी लागली. तुझ्यासारखीच, बीपीची. अजून पन्नाशी गाठली नाही, पण डॉक्टर म्हणाले, हे काही वय विचारून येत नाही. आता मोबाइलवर एकदा नोंदवून ठेवलं की महिन्याच्या महिन्याला गोळ्या दारात येतात. पाकीट देणारा आपल्या तोंडाकडे बघतही नाही. काल ते उघडलं, देवाजवळ दिवा लावला आणि पाण्याबरोबर पहिली गोळी घेतली. आख्खी घेतली. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

बाबा गेल्यावर मी तुला गावाहून बेंगळूरला आणलं, ती नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर कामाला, जवळच एक खोली, बाहेर नळ. गावात तू पाण्याला गेलीस तरी तासभर लावायचीस, कारण वाटेत सगळ्यांची चौकशी व्हायची. इथं शेजारणी कन्नड बोलायच्या आणि तू नुसती हसायचीस. मग तुला मारुतीचं देऊळ सापडलं, आणि देवळाच्या पायरीशी फुलं विकणारी ती बाई. तुला कन्नड येत नव्हतं, तिला मराठी. तरी तू रोज सकाळी तिच्या पोत्यावर बसून शेवंतीच्या माळा ओवायला लागलीस. एका सुट्टीच्या दिवशी मी लांबून पाहिलं, तर दोघी एकाच वेळी आपापल्या भाषेत बोलत होतात आणि दोघींचंही ऐकून होत होतं.

त्याच सुमारास तुला घेरी येऊ लागली. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली आणि ती कधीच थांबवायची नाही असं बजावलं. गावाकडे आपण तीन दिवसांचं औषध घेणारी माणसं. तू म्हणालीस, "बरं वाटल्यावरही खायची, मग ते औषध का भाकरी?" कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं ती चिठ्ठी नीट वाचली, आणि महिना संपत आला की तुझी पुडी बांधून फळीवर ठेवायला लागला. मी कामावरून येताना ती उचलायचो. एवढं करूनही तुझा बीपी उतरेना. डॉक्टरांनी दुप्पट ताकदीची गोळी दिली, तरी तेच.

एका संध्याकाळी मी दुकानात गेलो तर त्यानं पुडी हाताखालीच धरून ठेवली. "सार, स्वल्प निल्ली," जरा थांबा, म्हणाला. "अम्मा गोळी घेतात ना? पुरी?" मी म्हटलं, रोज घेते. त्यानं काचेवर कागदाची एक घडी उलगडली. आत तुझी गोळी होती, अर्धी. फुलवाली दुपारी येऊन विचारून गेली होती, हिच्यात लहान मिळते का, ही खाल्ली की डोळ्यांपुढे अंधार येतो, कालच टोपलीवर पडले.

घरी आलो तेव्हा तू अवरेच्या, इथल्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होतीस. विचारलं, तर तू लपवलंही नाहीस. "देते. मग? मला घेरी येते, तिलाही येते."

"आई, डॉक्टरनी ती तुला दिलीय."

"डॉक्टरला काय ठाऊक माझ्या शेजारी कोण बसतं. समोर एक बाई डोकं धरून बसलीय, आणि मी पदराआड एकटीनं गोळी गिळू? मला नाही जमायचं ते, लेका."

मला राग आला होता, पण तो तुझ्यावर काढता येईना. तुझा बीपी वर चालला होता, ती बाई रस्त्यात पडत होती. आणि तुला रागावून देवळात जाणं बंद केलं असतं तर या शहरात तुझं दुसरं कोण होतं? सकाळी अर्धी रजा टाकून दोघींना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फुलवालीला तपासलं आणि कन्नडमध्ये मला स्पष्ट सांगितलं. हिचा बीपी आधीच कमी आहे, अंगात रक्त नाही. या गोळीनं तो आणखी खाली गेलाय. अजून काही दिवस घेतली असती तर ही उठली नसती.

तू माझी बाही ओढलीस. "काय म्हणतात?"

"म्हणतात, तिच्या गोळ्या आता वेगळ्या. तुझी तू पुरी घ्यायची."

"पण माझ्या गोळीनं तिला थोडं तरी बरं वाटलं ना?"

मी म्हटलं, "हो. वाटलं." शेजारी बसलेल्या फुलवालीनंही मान हलवली, "हौदु अम्मा, हौदु." मला वाटलं, तुझा प्रश्न न कळताच ती हो म्हणतेय.

मेडिकलवाल्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, देणाऱ्या हाताला नुसतं नको म्हणून कसं चालेल. त्यानंतर तो दोन पुड्या बांधू लागला, तुझी आणि तिची, आणि दोन्ही तुझ्याच हातात द्यायचा. तू तिची पुडी पदराला बांधून देवळात न्यायचीस, तिनं समोर गोळी गिळल्याशिवाय स्वतःची घ्यायची नाहीस. काही महिन्यांनी तुझा बीपी उतरला. तिच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि ते तुझ्या अर्ध्या गोळ्यांमुळे झालं असं तू गावाहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचीस.

तू गेल्यावर तेराव्याला ती आली. ताज्या शेवंतीची माळ तुझ्या फोटोला घालून माझ्याशी कन्नडमध्ये बोलली. त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते तिला सगळं कळलं होतं, तिच्याच भाषेत तर बोलत होते. आणि तू काय विचारतेयस तेही तुझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं. मी विचारलं, मग तुम्ही हो का म्हणालात? ती म्हणाली, "तू का म्हणालास?"

रोज रात्री देवापुढे दिवसभरातल्या खोट्याची माफी मागायची सवय तूच लावलीस. ती मी मोडलेली नाही, पण त्या एका 'हो'ची माफी मी कधी मागितली नाही. तुला वाचता येत नव्हतं, आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो. हे लिहिलंय तेही वाचून दाखवायची वेळ आली असती, तर डॉक्टरांच्या बोलण्यापाशी येऊन मी थांबलो असतो, आणि पुढचं वाक्य कागदावर नसलेलं वाचलं असतं.